चालढकलीला आळस म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना रात्री पाऊस झाला, तर तासगाव-मिरज भागातला द्राक्ष बागायतदार नीट उजाडायचीही वाट बघत नाही. ट्रॅक्टरला ब्लोअर जोडतो आणि डाऊनी या रोगासाठी फवारणी घेतो. याच माणसाच्या घरात वडिलांच्या नावचा सातबारा मात्र वर्षानुवर्षे तसाच असतो. वारस नोंद 'बघू दिवाळीनंतर' म्हणून राहिलेली. अशा माणसाला आळशी म्हणणे साफ चुकीचे आहे, आणि तसे म्हणून काम तसूभरही पुढे सरकत नाही.

चालढकल ही वेळेच्या नियोजनातली चूक नसून नकोशा भावनेपासून काढलेला पळ आहे, असे टिमोथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉइस या अभ्यासकांनी २०१३ मध्ये मांडले. फवारणीत धोका डोळ्यांना दिसतो आणि काय करायचे ते हाताला पाठ असते. वारस नोंदीचा विषय काढला की थोरल्या भावाशी बोलावे लागते, बहिणींची नावे लावावी लागतात, वडील गेले हे पुन्हा एकदा लिहावे लागते. म्हणून विषय पुढे ढकलला जातो. ढकलल्याक्षणी सुटल्यासारखे वाटते, आणि त्या सुटकेचीच मनाला सवय लागते.

तेव्हा पहिले काम म्हणजे नेमके काय टोचते आहे ते एका ओळीत कागदावर लिहिणे. पुष्कळदा ती भीती गैरसमजातून आलेली निघते. वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. नोंदीने सगळ्या वारसांची नावे सातबाऱ्यावर लागतात, जमीन कुणाची तुटत नाही. हे कळले की भावाशी बोलायचा अर्धा ताण उतरतो.

दुसरी अडचण कामाच्या नावातच असते. 'सातबाऱ्याचे काम' हे काम नव्हे, ते गाठोडे आहे. ते सोडले की मृत्यू दाखला, सातबारा आणि आठ-अ उतारे, सर्व वारसांची नावे, पत्ते व नाते लिहिलेले प्रतिज्ञापत्र, मग तलाठी कार्यालयात किंवा ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर अर्ज, असे सुटे तुकडे हाती येतात. पुढची चौकशी, नोटिशीची १५ दिवसांची मुदत आणि मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी हा भाग कार्यालयाचा, त्याची काळजी आज करायची नाही. आजचा तुकडा दहा मिनिटांत उरकणारा हवा. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाईलवर निघतो, तिथून सुरुवात करावी. कायद्याने हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. ती मुदत उलटली असली तरी नोंद होते, म्हणून 'आता उशीरच झाला' हे कारण धरून बसू नये.

'या आठवड्यात जाईन' हा निश्चय फुकट जातो. 'सोमवारी डेअरीत दूध घातले की घरी न येता तसाच तलाठी कार्यालयात जाईन, फाईल रविवारी रात्रीच गाडीच्या डिकीत ठेवीन' हा निश्चय टिकतो, कारण आयत्या वेळी ठरवायला काही उरत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी जर्मनीत विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून पाठवायला सांगितले होते. कधी आणि कुठे बसून लिहायचे हे आधी ठरवून ठेवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी तो वेळेत पाठवला, बाकीच्यांत सुमारे एक तृतीयांशांनीच.

अभ्यासिकांतल्या मुलांचेही हेच, फक्त तिथे चालढकल अभ्यासाचाच वेश घेऊन येते. रंगीत पेनांनी आठवड्याचे वेळापत्रक आखणे, नोट्स पुन्हा सुवाच्य लिहिणे, आणखी एक पुस्तक झेरॉक्स करून आणणे. यात दिवस जातो आणि गणिताच्या सरावाचा पहिला संच कोराच राहतो. टोचते ते 'उत्तर चुकेल' हे. त्यावर उपाय म्हणजे संच मुद्दाम कच्चा सोडवणे: २५ मिनिटांचा गजर, फोन दुसऱ्या खोलीत, चुकांची मोजणी नंतर. फोन उलटा करून टेबलावर ठेवल्याने भागत नाही, हात जातोच. उठताना गणित अर्धवट सोडावे आणि पुढची पायरी पेन्सिलीने लिहून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावे लागत नाही.

दिवस वाया गेला तर स्वतःला शिव्या घालू नयेत, हे आम्ही मनापासून सांगतो, पालकांना तर विशेष. कॅनडातील विद्यार्थ्यांच्या २०१० मधील एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. टोमण्यांनी टोचणी वाढते, आणि टोचणी वाढली की पळही वाढतो.

एखादेच काम नव्हे तर सगळीच कामे आठवडेच्या आठवडे अडली असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, तर हे उपाय पुरणार नाहीत. तिथे मानसोपचार तज्ज्ञ लागतो. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

आपल्याकडे एक मागणी आहे. पीकविमा, शिष्यवृत्ती, विवरणपत्र यांच्या मुदतीची बातमी छापताना शेवटच्या तारखेशेजारी लागणाऱ्या कागदांची यादी आणि घरबसल्या दहा मिनिटांत होईल अशी पहिली पायरी चौकटीत द्यावी, आणि ती चौकट मुदतीच्या तीन आठवडे आधी यावी.

आपले,
समुपदेशनाचे काम करणारे काही शिक्षक,
विश्रामबाग, सांगली