गोल्फची ओळख शिबिरात नको, सहलीत व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीतल्या शिबिरांच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि पोहणे, स्केटिंग, बुद्धिबळ यांच्या जोडीला आता त्यांत गोल्फही दिसू लागला आहे. याचा मला आनंद आहे. फक्त एक विनंती पालकांना आणि मैदाने चालवणाऱ्यांना करायची आहे. मूल आत प्रशिक्षकाच्या ताब्यात आणि आईवडील बाहेर गाडीत मोबाइल बघत बसलेले, अशी या खेळाची पहिली ओळख होऊ देऊ नका. आजोबा, आई आणि सहा वर्षांची नात एकाच वेळी, एकाच ठिकाणी खरोखर खेळू शकतील असे खेळ आपल्याकडे किती आहेत? गोल्फ त्यांपैकी एक आहे. तो घरच्यांनी मिळूनच सुरू करावा.

भारताची गोल्फपटू अदिती अशोक हिचेच उदाहरण घ्या. बंगळूरच्या कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानासमोर एका उपाहारगृहात हे कुटुंब नाश्त्याला जात असे. समोर लोक काय करताहेत याचे पाच वर्षांच्या मुलीला कुतूहल वाटले, म्हणून तिघे पाहायला गेले. घरात कोणीही गोल्फ खेळणारे नव्हते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिची गोल्फच्या काठ्यांची बॅग वडिलांनी उचलली, टोकियोत आईने. टोकियोत एका फटक्याने तिचे कांस्यपदक हुकले आणि ती चौथी आली, तेव्हा गोल्फ कशाशी खातात हे ठाऊक नसलेली घरेही पहाटे उठून टीव्हीसमोर बसली होती. प्रत्येक मूल अदिती होणार नाही, व्हायची गरजही नाही. पण सुरुवात कशी झाली ते पाहण्यासारखे आहे: नाश्ता, कुतूहल आणि सोबत आईवडील.

सुरुवात कुठून करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे लांब फटक्यांच्या सरावाच्या मोकळ्या जागेवर, बादलीभर चेंडू घेऊन मुलाला लांब फटके मारायला लावू नका. दहातले आठ चेंडू पायाशीच घरंगळतात, मूल हिरमुसते आणि घरी जाऊया म्हणते. आधी पटिंग ग्रीनवर, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर न्या. भोक १०८ मिलिमीटर रुंद आणि चेंडू जेमतेम ४३ मिलिमीटरचा, त्यामुळे हातभर अंतरावरून पाच वर्षांचे मूलही चेंडू आत घालते. भोकाच्या कडेवरून अर्धी गिरकी घेऊन चेंडू आत पडतो तेव्हाचा तो ‘टक्’ आवाज ऐकला, की मूल स्वतःच वाकून चेंडू काढते आणि दोन पावले मागे सरकते. अंतर त्याचे त्यालाच वाढवू द्यावे. मग थोड्या अंतरावरून चेंडू उचलून ग्रीनवर टाकायचे छोटे फटके, आणि लांबचे फटके सगळ्यांत शेवटी. वडिलांची जुनी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, कापून मुलाच्या हाती देण्याची पद्धत आहे, ती टाळावी. कापलेल्या क्लबचे डोके जड राहते, दांडा ताठ होतो आणि मूल सगळ्या अंगाने ती ओढू लागते. मुलांच्या मापाचा हलका पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे ढकलायची क्लब, पहिले वर्षभर पुरतो.

धोका कशात आहे, तेही सांगितले पाहिजे. चेंडू लागेल म्हणून पालक घाबरतात, पण लहान मुलांना इजा होते ती बहुधा शेजारच्या मुलाने फिरवलेल्या क्लबने, आणि ती डोक्याला होते. म्हणून एक जण मारत असताना बाकीच्यांनी त्याच्या मागे नाही, तर त्याला दिसेल असे आणि क्लबच्या टप्प्याबाहेर उभे राहायचे, हे घरूनच शिकवून आणावे. मे महिन्यात नऊच्या आत परतावे. नंतरचे ऊन मुलांचे नाही.

या खेळातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे आपले फटके आपणच मोजायचे असतात. झुडपामागे चेंडूला तीन वेळा मारले, तर ‘तीन’ म्हणायचे, कोणी पाहिलेले नसले तरी. वाळूच्या बंकरमधून बाहेर आले की आपल्या पावलांच्या खुणा दाताळ्याने पुसायच्या, उखडलेला गवताचा तुकडा जागेवर बसवायचा, दुसरा मारत असताना बोलायचे नाही. मुले हे मोठ्यांना करताना पाहून शिकतात, आणि म्हणूनच मोठ्यांनी सोबत असणे महत्त्वाचे.

गोल्फ श्रीमंतांचा खेळ, हा आक्षेप खोटा नाही. जुन्या गोल्फ-संस्थांचे सदस्यत्व सामान्य घराच्या आवाक्यात नाही. पण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला, जिथे शतकानुशतके गोल्फ चालत आला आहे, ओल्ड कोर्स रविवारी सहसा खेळासाठी बंद असतो आणि गावातले लोक कुत्री-मुले घेऊन त्यावर फिरतात. शेजारी ‘हिमालय’ नावाचे उंचसखल पटिंगचे मैदान आहे. तिथे थोडे पैसे भरून कोणीही, अगदी लहान मुलेही, खेळतात. बालगोव्ह नावाचा नऊ होलचा, म्हणजे नऊ भोकांचा, छोटा कोर्स तर मुले आणि नवशिके डोळ्यांपुढे ठेवूनच आखला आहे. गोल्फच्या माहेरी हे चालते, मग आपल्याकडे का चालू नये?

आमच्या खारघरला डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने उभारलेला गोल्फ कोर्स आहे. सार्वजनिक संस्थेने उभारलेल्या अशा मैदानांना जमीन आणि पाणी भरपूर लागते, त्यामुळे त्यांच्यावर आजूबाजूच्या घरांचाही हक्क पोहोचतो. माझे मागणे छोटे आहे. महाराष्ट्रातल्या अशा प्रत्येक मैदानाने महिन्यातून किमान एका रविवारी सकाळी सात ते नऊ पटिंग ग्रीन कुटुंबांसाठी मोकळे ठेवावे. मुलांच्या मापाचे काही पटर भाड्याने मिळावेत. कॅडींपैकी, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्या मदतनिसांपैकी, एकदोघांना मानधन देऊन मुलांना दाखवायला उभे करावे. ग्रीनचा उतार त्यांच्याइतका कोणाला कळत नाही. आणि प्रवेशद्वारावर, मराठीत, वेळ आणि शुल्क स्पष्ट लिहिलेली पाटी लावावी, म्हणजे आत जायला चालते की नाही या संकोचाने कोणी बाहेरूनच परत फिरणार नाही.

आपली,
एक वाचक, खारघर