आमच्या फुलवाल्या मावशींना

मावशी,
सा. न. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहायला बसले तर लेक हसायला लागली. म्हणाली, "रोज स्टेशनवरून येताना भेटतेस की त्यांना, तिथंच सांग ना." सांगायला दोनदा आले होते. एकदा गिऱ्हाइकांची झुंबड होती आणि दुसऱ्यांदा तुम्ही "अगो, त्यात काय!" म्हणत माझ्या हातात गजरा कोंबलात आणि विषयच संपवलात. शिवाय चूक चारचौघांत झाली, तर आभारही चारचौघांतच मानले पाहिजेत. पाडव्याला हॉलमध्ये मुलांच्या कामाचं प्रदर्शन लागलं तेव्हा मी माइकवरून सेक्रेटरींचे, कार्डशीट देणाऱ्यांचे, अगदी माइकवाल्याचेसुद्धा आभार मानले. तुम्ही नवं लुगडं नेसून शेवटच्या रांगेत बसला होतात आणि तुमचं नाव माझ्याकडून राहिलं. घरी येऊन चहा टाकताना लक्षात आलं. ती रात्र काही नीट गेली नाही.

खरं तर मुलांच्या रविवारच्या हस्तकला वर्गाला दिलेलं "वसंतोत्सव" हे नाव तेवढं माझं. त्यात जे काही होतं ते तुमचं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून तयारी केली होती. क्रेप पेपर, चकाकी, फेविकॉल, आइस्क्रीमच्या काड्या. त्यातून करायचं काय, तर ट्यूलिप, डॅफोडिल आणि चेरीचा बहर. डोंबिवलीत! पहिल्याच रविवारी एका पोराने विचारलं, "काकू, हे फूल कुठे मिळतं?" मला सांगता येईना. आमच्या 22 मुलांपैकी कोणीच ते पाहिलेलं नव्हतं, आणि मी तरी कुठे पाहिलंय?

त्या संध्याकाळी तुमच्याशी बोलताना सहज हे निघालं. तुम्ही टोपलीतली उरलेली फुलं आवरत होतात. पहाटे दादरच्या फुलबाजारातून आणलेला माल संध्याकाळपर्यंत मलूल होतो, आणि तो अर्ध्या भावातही कोणी घेत नाही. "ही ने पोरांना," म्हणालात. आणि पुढच्या रविवारी स्वतःच आलात, पाठीमागे भाचा आणि त्याच्याकडे मुरबाडच्या बांधावरच्या पळसफुलांची गोणी. मी येऊरला जाऊन आणायच्या बेतात होते. ते जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथलं फूल तोडायचं नसतं, हे तुम्ही सांगितलंत म्हणून बरं.

पळसाला पाने तीन, हे आम्ही बोलण्यापुरतं वापरतो. पण ऐन फुलण्याच्या दिवसांत झाडावर पानंच नसतात, नुसता जाळ असतो, हे मुलांना भाच्याच्या फोनवरच्या फोटोत पहिल्यांदा दिसलं. तुम्ही प्रत्येकाच्या तळहातावर एकेक फूल ठेवलंत आणि विचारलंत, "कोण दिसतो?" पोपट! ती बाकदार चोच, मागे काळं मखमली देठ. मी लगेच शाळामास्तरणीसारखं सांगून टाकलं की संस्कृतात पळसाला किंशुक म्हणतात, म्हणजे "हा पोपट तर नव्हे?" ऐकायला कोणाला वेळ होता? अर्ध्या तासात कार्डशीटवर पोपटांचे थवे उतरले होते.

मग रंग. काळी देठं खुडून पाकळ्या पातेल्यात, वर बुडेल एवढंच पाणी, मंद आच. गाळून ब्रशने फासला तर कागदावर छान पिवळा आला. मुलं खूश झाली, मीही. तेव्हा तुम्ही कमरेच्या चंचीतून चुन्याची डबी काढलीत, चिमूटभर चुना वाटीभर पाण्यात कालवलात, निवळू दिलात आणि वरचं पाणी ब्रशने त्या पिवळ्यावरून ओढलंत. पिवळ्याचा भगवा झाला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मुलांना डबीला हात मात्र लावू दिला नाहीत, डोळ्यांत जाईल म्हणून. त्यानंतर मुलांना वेडच लागलं. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळायची, जांभळट डाग पडला की त्यावर लिंबू पिळायचं, तो गुलाबी होतो. खायचा सोडा लावला तर हिरवा. घराघरांतला सोडा संपला, आयांच्या तक्रारी माझ्याकडे आल्या!

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते वळेसराच्या, म्हणजे तुमच्याकडच्या त्या बिनसुईच्या गजऱ्याच्या, दिवसाचं. तुम्ही केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळलेली साल, पाण्यात भिजवून मऊ करून आणलं होतंत. त्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलंत आणि अबोलीची दोन फुलं इकडे, दोन तिकडे, एक पीळ, परत दोन. सुई नाही, गाठ दिसत नाही. मुलं बघत बघत शिकत होती. आमची एक डावखुरी मुलगी तेवढी मागे पडली. शेजारी बसून बघितलं तर तिचा प्रत्येक पीळ उलटा यायचा आणि फुलं गळायची. शाळेतही असंच होतं म्हणे, कात्री नीट चालत नाही, वहीवर हात फिरून अक्षर पुसतं. ती उठून जायला निघाली. मी तिला "तू बघ नुसतं, पोपट चिकटव" असलं काहीतरी सांगणार होते.

तुम्ही म्हणालात, "गो चेडवा, बाजूक नको, माझ्यासमोर बस. आरशात बघतंस तसा बघ."

एवढंच. तुमचा उजवा हात तिच्या डाव्या हातासमोर आला. पहिली चार फुलं पडली, पाचव्यापासून बसायला लागली. आई न्यायला आली तेव्हा वीतभर वळेसर झाला होता. सैल होता, एका जागी सोपट फाटलं होतं, पण वेणीत माळून गेली पोरगी. मी बी.एड. केलंय, मावशी. 11 वर्षं मुलांना हस्तकला शिकवतेय. समोर बसवायचं मला कधीच सुचलं नव्हतं.

बकुळीचंही सांगायचं राहिलं. त्या फुलाला मधोमध भोक असतंच, चार वर्षांचं पोरही सुईशिवाय ओवतं. तुम्ही तिला ओवळ म्हणता, आता आमच्याकडेही सगळे ओवळच म्हणतात. त्या माळा वाळून तपकिरी झाल्यात, पण माझ्या कपाटाचं दार उघडलं की अजून वास येतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. सोपटाचे आणि भाच्याच्या एसटीचे तरी घ्या, मी पाकीट करून ठेवलंय. आणि तुमची चुन्याची डबी त्या दिवसापासून माझ्या रंगांच्या पेटीत पडून आहे. तुम्ही दोन महिने तंबाखू कशाबरोबर मळताय कोण जाणे. शनिवारी पाचच्या सुमाराला डबी आणि पाकीट दोन्ही घेऊन येते. बरोबर ती डावखुरी पण येणार आहे, तिला आता मोगरा गुंफायचाय.

तुमची,
बी विंगमधली काकू