वाचतेस की नुसती रचतेस?

धुळे,
रविवार

ती. नाना आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

नाना, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ‘एवढी पुस्तकं घेतेस, पण वाचतेस की नुसती रचतेस?’ तेव्हा हसून विषय बदलला, कारण हे मागून ऐकत होते आणि त्यांचाही प्रश्न तोच आहे. आता नीट उत्तर देते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, मोतीबिंदूच्या डोळ्याला ताण नको. नेहमीसारखं आईला मोठ्याने वाचून दाखवा.

तर उत्तर असं, की दोन्ही करते. विकत घेण्याची हौस वेगळी आणि वाचण्याची भूक वेगळी. पगार झाला की पुस्तक घेते, पण त्याची वेळ आली की मगच ते उघडते. नेमाड्यांचं ‘हिंदू’ २०१० साली आलं तेव्हाच घेतलं होतं. निम्म्यावर ठेवून दिलं. करोनात सगळे घरात कोंडलेले होतो तेव्हा पुन्हा पहिल्या पानापासून धरलं आणि या खेपेला खंडेरावाच्या घरातल्या, भावकीतल्या माणसांचा गोतावळा एकदम ओळखीचा वाटला. मधल्या काळात आपल्याकडच्या वाटण्या आणि मयती मीही पाहिल्या होत्या ना. ते पुस्तक रद्दीत घातलं असतं तर?

नेमाड्यांचीच ‘कोसला’ मात्र मी वाचून वाचून खिळखिळी केलीय. १९६३ सालची कादंबरी, लिहिणारा आपल्याच यावल तालुक्यातल्या सांगवीचा, आणि छापून आली तेव्हा पंचविशीचा. कॉलेजात असताना होस्टेलच्या गमतीजमतींची पानं आम्ही एकमेकींना वाचून दाखवून लोळायचो. धाकटा झाल्यावर परत वाचली आणि नायक पांडुरंगच्या बहिणीच्या, मनीच्या मरणाशी आले तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. लोक पांडुरंगच्या पुण्यातल्या उद्योगांबद्दलच बोलतात. मला तर ती बापलेकांची गोष्ट वाटते. नाना, रागावू नका, पण त्या दोघांचं जे काही चालतं ते वाचताना तुम्ही आणि दादा डोळ्यांसमोर येता.

अंमळनेरला फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं साहित्य संमेलन झालं तेव्हाही पिशवी भरून आणली. तिथे आधीचं संमेलन १९५२ साली झालं होतं, म्हणजे मध्ये बहात्तर वर्षं गेली. मंडपातल्या भाषणांपेक्षा मी ग्रंथप्रदर्शनातच जास्त रमले. एका गाळ्यावर एक आजोबा पुस्तक उघडून नुसता वास घेत होते, विक्रेता काही बोलत नव्हता. (हे म्हणाले, तुझे नाना असते तर असेच उभे राहिले असते.) बालकवींच्या कवितांचं एक जुन्या वळणाचं पुस्तक मिळालं. धरणगावचा माणूस, १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ झाला आणि १९१८ साली भादली स्टेशनाजवळ गाडीखाली गेला. अठ्ठावीससुद्धा पुरे नव्हते. ‘औदुंबर’ आठच ओळींची आहे, नाना, तुम्हाला अजून पाठ असेल.

पण खरं सांगायचंय ते पुढे आहे. त्या पिशवीतली पुस्तकं एकापाठोपाठ वाचताना माझ्या लक्षात आलं, की आपल्या खानदेशाने दिलेली काही मोठी पुस्तकं कुणी टेबलाशी बसून लिहिलेलीच नाहीत. ती कुणीतरी बोललं आणि दुसऱ्याने उतरवून घेतली.

‘गीता प्रवचने’ घ्या. ती झाली इथे धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ साली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. विनोबा बोलत होते, ऐकायला कैदी बसलेले, आणि साने गुरुजी भराभर लिहून घेत होते. गुरुजीही कैदीच! आधी अंमळनेरच्या शाळेत मास्तर, मग सत्याग्रहात तुरुंग. मी हे पुस्तक बरीच वर्षं ‘म्हातारपणी वाचू’ म्हणून बाजूला ठेवलं होतं. वाचायला घेतलं तर एकही वाक्य अडेना. समोर बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे म्हणून बोललेली भाषा आहे ती, आणि लिहून घेणाऱ्याने तिच्यावर इस्त्री फिरवलेली नाही. ‘श्यामची आई’सुद्धा गुरुजींनी पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात लिहिली, आणि तिथेही श्याम रात्री बसून सांगतोय, सोबती ऐकतायत. गोष्ट कोकणातली, पण आपल्याकडच्या किती घरांत ती दिवेलागणीनंतर वाचली गेली असेल!

आणि बहिणाबाई. आसोद्याची लेक, जळगावची सून, लिहिता-वाचता न येणारी. दळताना, शेतात राबताना गाणी सुचायची, मुलगा सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ ती टिपून ठेवायचे. बहिणाबाई गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला. मग सोपानदेवांनी चोपडी अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती छापायचा आग्रहच धरला आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज तिच्या नावाचं विद्यापीठ आहे जळगावला. पण तिने स्वतः ते पुस्तक हातात धरलं नाही. माझं मन दर वेळी इथेच अडतं.

आई, आता तुझ्याशी बोलते. गेल्या दिवाळीत मी बहिणाबाईंची कविता तुला वाचून दाखवत होते आणि तू मेथी निवडता निवडता म्हणालीस, ‘असं नाही, घाई करतेस.’ मग तूच म्हणून दाखवलीस, जात्याचा खुंटा हातात असल्यासारखी, मध्ये थांबत, शेवट लांबवत. शाळेत गुण मिळवायला पाठ केलेली तीच कविता मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. आणि लगेच तू तुझ्या आजीच्या दोन ओव्या म्हटल्यास, ज्या मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेल्या नाहीत. मी विचारलं अजून आहेत का, तर म्हणालीस, ‘आहेत की, पण त्यात काय लिहायचं!’

त्यात लिहायचंच आहे. झोक्यावरची आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, कानबाई देवीच्या उत्सवातली गाणी, सासरच्यांना चिमटे काढणारी ती, जी तुम्ही बायका पुरुष घरात नसले की म्हणता, तीही. नाना, तुम्ही त्या वेळी गावात पारावर जा. तुम्ही समोर असलात की आई लाजते आणि निम्म्या ओळी गिळते.

आखाजीला चार दिवस रजा टाकून येते. दुरेघी वही इथूनच आणते, धाकटा मोबाइलवर आवाज भरून घेईल, पण मी हातानेही लिहिणार. मोबाइलवर भरलेलं कुणी पुन्हा ऐकत नाही, हा माझा अनुभव. एकेक गाणं कुणाकडून ऐकलंस, कधी म्हणायचे, तेही सांग. आसोद्याच्या वाटेवरच्या मावशीलाही बोलावून घे, तुला न आठवणारं कडवं तिला आठवतं आणि मग तुमची भांडणं लागतात, ती भांडणंही लिहिते.

नाना, तुमच्यासाठी मोठ्या टायपातली ‘गीता प्रवचने’ शोधतेय. नाही मिळाली तर मीच रोज रात्री फोनवर एकेक प्रवचन वाचून दाखवीन, जेवणं आटोपली की. नऊची वेळ ठेवा, बातम्या थोड्या कमी बघा. डोळ्याचे थेंब वेळच्या वेळी घाला. कळण्याचं पीठ संपत आलंय, येईन तेव्हा दोन किलो दळून ठेवा.

तुमची,
ताई