पंधरा दिवस वेगळे ठेवले म्हणजे विलगीकरण झाले नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयांविषयीचा मजकूर दिवे, प्रवाळ आणि माशांचे रंग यांवर भरभरून असतो. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवावा, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. त्या ओळीवर विसंबून लोक मासा पंधरा दिवस बाजूला ठेवतात, ठिपके दिसले नाहीत की मुख्य टाकीत सोडतात आणि महिनाभरात जुने मासेही गमावतात. मग विलगीकरणावरच खापर फुटते. म्हणून हे सविस्तर पत्र.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी तीन ते सात दिवस माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत राहतो. मग तो गळून तळाला चिकटतो, कोष करतो आणि कोषातून शेकडो पोहणारी पिल्ले निघतात. बहुतेक कोष तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात, पण 72 दिवसांनी फुटलेल्यांचीही नोंद आहे. औषध, म्हणजे पाण्यात मिसळलेले तांबे, कातडीखाली पोचत नाही, कोषातही शिरत नाही. ते लागू पडते फक्त पोहणाऱ्या अवस्थेत. लागण हलकी असेल तर परजीवी कल्ल्यांतच असू शकतात आणि अंग स्वच्छ दिसते. म्हणजे नुसत्या निरीक्षणाने मासा निरोगी ठरत नाही.

टाकी साधी असावी. लहान माशांना 60 ते 80 लिटर पुरतात, टँगसारख्या सतत पोहणाऱ्यांना अधिक हवे. तळ उघडा, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, हीटर, एअर पंपावरचा स्पंज फिल्टर आणि वर झाकण, कारण घाबरलेला मासा हमखास उडी मारतो. वाळू आणि जिवंत खडक (जिवाणू वसलेले समुद्री खडक) नकोत. ते तांबे शोषतात. वाळूत झोपणाऱ्या रास (wrasse) जातीच्या माशापुरता डब्यात सिलिका वाळूचा थर द्यावा. टाकी मुख्य टाकीपासून किमान दहा फूट दूर ठेवावी आणि जाळी, नळी, बादली वेगळी असावी. बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबरही मखमली रोगाचे (हा दुसरा परजीवी रोग, त्याविषयी पुढे) जंतू पसरतात.

या टाकीत रोगापेक्षा अमोनियाने अधिक मासे जातात. नवा स्पंज म्हणजे केवळ फोमचा तुकडा, त्यात जिवाणू नसतात. तो चार ते सहा आठवडे आधीपासून निरोगी मुख्य टाकीच्या संपमध्ये (गाळणीच्या जोडटाकीत) पडलेला असावा. तरीही अमोनिया रोज तपासावा आणि दिसला की अर्धे पाणी बदलावे. तांबे चालू असताना अमोनिया बांधणारी द्रावणे टाकू नयेत. त्यांतली काही तांब्याचे रूपच बदलून ते अधिक विषारी करतात. बदललेल्या पाण्यात तांबे आधीच्याच पातळीला आणून मग ते ओतावे.

मासा आणण्याआधी दुकानातल्या पाण्याची क्षारता, म्हणजे खारेपणा, विचारावी (इथले आकडे विशिष्ट गुरुत्वाचे). परजीवी दबावेत म्हणून अनेक विक्रेते पाणी 1.018 च्या आसपास ठेवतात. तिथला मासा थेट 1.025 मध्ये टाकला तर दोन-चार दिवसांत मरू शकतो आणि दोष रोगावर जातो. वेगळ्या टाकीची क्षारता पिशवीशी जुळवावी, पिशवी पंधरा-वीस मिनिटे तरंगवून तापमान सारखे करावे आणि मासा लगेच सोडावा. पुढे क्षारता दिवसाला 0.001 ते 0.002 पेक्षा जास्त चढवू नये. लांबून आलेल्या पिशवीत थेंबथेंब पाणी सोडत तासभर बसणे घातक: पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया एकाएकी विषारी होतो.

मासा खाऊ लागला की तांबे. किलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूंनी बांधलेल्या, प्रकाराची पातळी लिटरला साधारण 2 ते 2.5 मिलिग्रॅम, मुक्त तांब्याची 0.15 ते 0.20. एकाचा आकडा दुसऱ्याला लावणे म्हणजे मासा मारणे किंवा परजीवी पोसणे. मात्रा टाकीवर छापलेल्या लिटरांवर नव्हे, प्रत्यक्ष ओतलेल्या पाण्यावर काढावी. दोन-तीन दिवसांत चढवत न्यावे आणि पूर्ण पातळी आल्यापासून 30 दिवस मोजावेत. मध्ये एक दिवस पातळी घसरली तर मोजणी पुन्हा एकपासून. हे कटकटीचे वाटते, पण कोष नेमका त्याच दिवशी फुटू शकतो. मासा खाणे सोडून धापा टाकू लागला तर पाणी बदलून पातळी उतरवावी. अपृष्ठवंशी जीव, शार्क आणि रे (पाकट) यांना तांबे चालतच नाही.

क्षारता 1.009 वर आणण्याचा उपाय क्रिप्टोकॅरिऑनवर चालतो, अमायलोओडिनियमवर, म्हणजे मखमली रोगावर, नाही. हा रोग सोनेरी धुळीसारखा दिसतो, आणि पुष्कळदा धूळ दिसण्याआधीच मासा जातो. वेगाने श्वास, प्रवाहासमोर तोंड धरून राहणे, उजेड टाळणे, एवढ्यावरच तांबे सुरू करावे.

चपट्या कृमींना तांबे लागू पडत नाही. त्यांच्यासाठी प्राझिक्वांटेल हे कृमिनाशक, लिटरला 2.5 मिलिग्रॅम, अंडी त्यातून वाचतात म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी मात्रा. या काळात हवा वाढवावी, कारण जिवाणू माजून पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो.

राहिले प्रवाळ आणि शंख. त्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होत नाही, पण शंखावर किंवा प्रवाळाच्या बुडख्यावर कोष चिकटून येऊ शकतो. त्यांनाही मासे नसलेल्या टाकीत 76 दिवस ठेवावे. मुख्य टाकीत लागण झालीच असेल तर हाच हिशेब तिलाही लागू: सगळे मासे बाहेर काढून उपचार आणि टाकी तितके दिवस माशांविना. एक मासा खडकांत लपून राहिला तर मोजलेले सगळे दिवस वाया.

आपला,
एक मत्स्यपालक वाचक