मुंबई–नागपूर आठ तासांत: कुठून मोजायचे? बांधकाममंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम (सार्वजनिक उपक्रम) मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

५ जून २०२५ रोजी इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किमीचा टप्पा खुला झाला आणि समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. आमणे ते नागपूरचा हा रस्ता ७०१ किमी आहे. काम उत्तम झाले आहे. आमची तक्रार आहे ती ‘मुंबई–नागपूर आठ तासांत’ या घोषणेबद्दल.

हे आठ तास आमणे ते नागपूरजवळचे शिवमडका या अंतराचे आहेत. आमणे भिवंडी तालुक्यात आहे. दादरहून निघालेल्या माणसाला आधी ठाणे, तिथला माजिवडा चौक आणि भिवंडीची कोंडी पार करावी लागते. त्यात दीड तास सहज जातो, पावसाळ्यात जास्तच. पुढे ताशी १०० च्या सरासरीने सात तास आणि दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटांची विश्रांती धरून आणखी एक तास. शिवमडक्याहून नागपूर शहरातल्या सीताबर्डीला अर्धा तास. घर ते घर दहा तास झाले. विमानाचेही तसेच आहे. उड्डाण दीड तासाचे, पण विमानतळ गाठणे, तपासणी, सामान आणि पुढची टॅक्सी धरली की पाच तास लागतात.

ट्रकचा वेग ताशी ८० पर्यंतच मर्यादित आहे. म्हणजे कुठेही न थांबता, पूर्ण मर्यादेने चालवूनही त्याला पावणेनऊ तास लागतात. बसला मर्यादा १०० ची, म्हणजे सरासरी त्याहून कमीच. आठ तासांचा आकडा या दोघांसाठी कधी नव्हताच, पण वेळापत्रके मात्र त्यावर बसवली जातात.

धोका इथेच आहे. ठाण्यात गेलेला तास चालक महामार्गावर भरून काढू पाहतो आणि पहिली कात्री लागते ती विश्रांतीला. सरळ, एकसुरी काँक्रीटवर डोळा लागतो. उन्हात तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचे किंवा जुने टायर फुटतात. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ जण गेले, हे विसरता येत नाही. आणि वेग वाढवून मिळते काय? ताशी १०० ऐवजी १२० ने गेलात तर १०० किमीमागे दहा मिनिटे वाचतात. त्यापेक्षा जास्त वेळ एकटा माजिवडा घेतो.

म्हणून प्रवासाची वेळ जाहीर करताना दोन आकडे द्यावेत: पथकर नाका ते नाका आणि शहर ते शहर. कार, बस व ट्रकसाठी वेगळे, विश्रांती धरून. प्रत्येक प्रवेशद्वारावर पुढचे दोन पेट्रोल पंप आणि विश्रांतीस्थळे किती किमीवर आहेत याचा फलक हवा. रिकामी टाकी आणि थकलेला चालक दोघांनाही त्याची गरज असते. मुंबईकडे येणाऱ्यांसाठी इगतपुरीच्या आधीच आमणे–माजिवडा या पट्ट्याची त्या क्षणाची वेळ दाखवावी, म्हणजे कोंडी असेल तर चालक तिथेच थांबून जेवण उरकू शकेल. आणि मुंबई–नाशिक महामार्गावरील वडपे (भिवंडीजवळ)–माजिवडा रुंदीकरणाची अंतिम तारीख लेखी जाहीर करावी. मुंबईकरांचा खरा वेळ आता त्या सुमारे २४ किमीवर वाचणार आहे.

आपले,
मुंबई–नागपूर मार्गावरील वाहतूक व्यावसायिक