शंभर गुण, दहा अल्बम

२८ डिसेंबर २०२५

प्रिय मित्रा,

वर्षभरात आवडलेल्या अल्बमांची यादी तू मागितलीस त्याला महिना होऊन गेला, आणि मी मुद्दाम थांबलो. २०१४ आठवतं ना? आपण डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात एकमेकांना याद्या पाठवून मोकळे झालो होतो आणि १५ तारखेला अमेरिकी सोल गायक डिअँजेलोचा 'ब्लॅक मसाया' आला. त्याच्या आधीच्या 'व्हूडू'नंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी! तू रात्री दोन वाजता फोन केलास आणि एवढंच म्हणालास, "यादी फाड." तेव्हापासून वर्षाचे शेवटचे दिवसही वर्षातच धरायचे, असं मी ठरवून टाकलंय.

यंदा पद्धतही बदलली आहे. एक ते दहा क्रमांक लावताना मला दरवर्षी काहीतरी खटकायचं. पहिल्या-दुसऱ्यात जेवढं अंतर, तेवढंच सहाव्या-सातव्यात, असं त्या यादीवरून दिसतं. यंदा तर पहिला इतका पुढे होता की दुसऱ्याला त्याची पाठही दिसू नये, आणि शेवटचे चार खांद्याला खांदा लावून उभे. म्हणून न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकाची जुनी रीत उचलली. रॉबर्ट क्रिस्टगाउ यांनी तिथे 'पॅझ अँड जॉप' नावाचा वार्षिक कौल सुरू केला होता. प्रत्येक समीक्षकाला शंभर गुण मिळायचे, ते दहा अल्बमांत वाटायचे. कुणालाही ३० पेक्षा जास्त नाही आणि ५ पेक्षा कमी नाही. (२०१४ मध्ये याच कौलात 'ब्लॅक मसाया' पहिला आला होता, बघ.) करून पाहा तूही. एकाला दोन गुण वाढवायचे तर ते दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्यावे लागतात, आणि ते काढून घेताना कळतं की कुणावर आपलं किती प्रेम आहे. मी तीन रात्री या वाटणीत घालवल्या.

आपला जुना नियम मात्र तसाच ठेवलाय: अल्बम कोणत्याही सालचा चालेल, पण तो या वर्षात पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग, निदान पाच वेळा ऐकलेला हवा. गाण्यांच्या ॲपने पाठवलेला वर्षाचा हिशेब मी यंदा उघडला आणि लगेच बंद केला. गाणं ३० सेकंद वाजलं की तिथे ते एकदा ऐकलं असं धरतात. मी एखाद्या गाण्याशी हातातलं काम सोडून बसून राहिलो, की ते दुसऱ्या खोलीत आपलं आपलं वाजत राहिलं, हे त्या आकड्याला कसं कळावं?

आता तुला न सांगितलेली गोष्ट. एप्रिलमध्ये सर्दीचं निमित्त झालं आणि माझा उजवा कान बसला. पडद्यामागे पाणी साचलंय, उतरेल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. उतरायला सात आठवडे लागले. तुला कळवलं नाही, कारण लिहायला घेतलं की भीती वाटायची. कान परत येईल की नाही, या एका प्रश्नापलीकडे मला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी सवयीने हेडफोन लावून 'रबर सोल' ऐकायला बसलो. बीटल्सच्या त्या अल्बमचा स्टिरिओ तुला माहीतच आहे. बहुतेक गाण्यांत गळे उजवीकडे, वाद्यं डावीकडे. माझा डावा कान शाबूत. गिटार, बास, ड्रम्स सगळं स्वच्छ ऐकू येत होतं आणि गाणारी माणसं भिंतीपलीकडे गेली होती. ओळखीच्या घरात शिरावं आणि घरात कुणीच नसावं, तसं झालं. दोन गाण्यांनंतर हेडफोन काढून ठेवले.

तीन-चार दिवसांनी फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो' सापडलं. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून तो दोन्ही कानांना सारखाच देतात. आणि मग डोक्यात आलं: बीच बॉइज बँडचा ब्रायन विल्सन! त्याला उजव्या कानाने लहानपणापासून जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. उजव्याच कानाने. त्यांचा 'पेट साउंड्स', १६ मे १९६६ ला आलेला, त्याने मोनोतच बांधला. एका कानाच्या माणसाने एका कानाला पुरेल असा घडवलेला अल्बम मी वीस वर्षं दोन कानांनी ऐकत होतो.

त्या सात आठवड्यांत तो किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. छत्तीस मिनिटांचा तर आहे. 'वुडन्ट इट बी नाइस'मध्ये मागून जो थरथरता, श्वास घेतल्यासारखा आवाज येतो, तो अकॉर्डियनचा, हे मला या वर्षी कळलं. आणि कळल्यावरही ते अकॉर्डियन वाटेना! त्याच्या मोनोत वाद्यं एकमेकांत अशी विरघळतात की त्यांतून नाव नसलेलं तिसरंच वाद्य तयार होतं. 'यू स्टिल बिलीव्ह इन मी'च्या शेवटी सायकलची घंटी आणि भोंगा आहे, आणि तरी त्या जागी डोळे भरून येतात. 'डोन्ट टॉक'मध्ये तर दुसऱ्या कुणाचा आवाजच नाही. तो एकटा, काही तंतुवाद्यं, आणि हृदयाचे ठोके ऐक असं तो म्हणतो तेव्हा बास खरोखर ठोक्यासारखा वाजतो. ज्याला नीट ऐकू येत नाही अशा माणसाने 'ऐक' म्हणावं आणि आपणही तेव्हा एकाच कानाने ऐकत असावं. मला ते गाणं एका बैठकीत पुरं करता यायला आठवडा लागला.

'गॉड ओन्ली नोज' ब्रायनने स्वतः गायलं नाही, धाकट्या भावाला दिलं. कार्ल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तू नेहमी म्हणतोस की जगातलं सगळ्यात सुंदर प्रेमगीत नकारापासून सुरू होतं. मला त्याचा शेवट जास्त लागतो. एक आवाज ओळ धरतो, ती संपायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि ते फेर धरून हळूहळू लांब जात राहतात. गाणं थांबतच नाही, आपल्यालाच ऐकू येईनासं होतं. एप्रिलमध्ये मला ते 'ऐकू येईनासं होणं' सहन होत नव्हतं. आवाज पूर्ण विरायच्या आत मी बटण दाबायचो.

जूनच्या सुरुवातीला कान मोकळा झाला. आणि ११ जूनला ब्रायन विल्सन गेला, ८२ व्या वर्षी. त्या रात्री मी पहिल्यांदा अल्बमची स्टिरिओ आवृत्ती लावली. खरा स्टिरिओ १९९७ मध्ये, तीस वर्षांनी, मूळ टेपांवरून झाला. दोन्ही कान उघडे, आणि प्रत्येक वाद्य आपापल्या जागी वेगळं, लख्ख. एवढ्या माणसांनी काय काय वाजवलं होतं ते सगळं दिसलं, आनंदही झाला. पण त्यानंतर मी पुन्हा मोनोकडे गेलो ते आजपर्यंत. स्टिरिओत मला वाद्यं ऐकू येतात. मोनोत तो माणूस ऐकू येतो. म्हणून हे २२ गुण मोनोचे.

अमेरिकेत तो अल्बम तेव्हा दहाव्या क्रमांकाच्या वर चढला नव्हता. ब्रिटनमध्ये मात्र दुसऱ्यापर्यंत गेला.

१७ गुण स्पॅनिश गायिका रोझालियाच्या 'लक्स'ला. ७ नोव्हेंबरला आला, म्हणजे माझ्याकडे अवघे सात आठवडे होते. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, डझनाहून जास्त भाषा, संत स्त्रियांच्या आयुष्यांवरून सुचलेली गाणी, आणि सगळ्याची चार भागांत मांडणी. वाचताना वाटतं की हे फार झालं. 'बेर्गाइन' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तेच वाटलं: जर्मन कोरस अंगावर येतो, व्हायोलिनं धावत सुटतात, मध्येच आइसलंडच्या ब्यर्कचा आवाज. पण सलग ऐकलास की कळेल, एवढ्या फौजेच्या मध्यभागी तिचा आवाज अगदी जवळून, उघडा, काही न लपवता येतो. स्पॅनिश मला चार शब्दांपलीकडे येत नाही, बाकीच्या भाषांचं तर विचारूच नकोस. तरी शब्द बदलला की तिच्या गळ्याचा पोतही बदलतो, हे न कळणाऱ्या भाषेतही कळतं. पुढच्या वर्षी याचे गुण वाढतील असं आज तरी वाटतंय.

१३ गुण पोर्टो रिकोच्या बॅड बनीला. तू नाक मुरडशील, माहीत आहे. ५ जानेवारीला 'देबी तिरार मास फोतोस' आला. नावाचा अर्थ 'मी आणखी फोटो काढायला हवे होते'. मुखपृष्ठावर दोन पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, रिकाम्या. 'बाइले इनोल्विदाब्ले' हे सहा मिनिटांचं गाणं आहे. सुरुवातीला सिंथेसायझर आणि मग अचानक जिवंत, माणसांनी वाजवलेला साल्सा. पोर्टो रिकोच्या संगीत शाळेतली मुलं वाजवताहेत त्यात. पियानो शिरतो त्या क्षणाला मी दरवेळी उठून उभा राहतो. शीर्षकगीत 'डीटीएमएफ' (अल्बमच्या नावाचीच आद्याक्षरं) ऐकून जगभरच्या लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो काढून त्याला जोडले. नाचायचं गाणं आहे ते, आणि लोक ते लावून रडले. तू एकदाच, पण पहिल्यापासून ऐक. एवढं माझ्यासाठी कर.

११ गुण 'मेकिंग म्युझिक', १९८७. झाकिर हुसेन, हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर जॉन मॅक्लॉफलिन आणि सॅक्सोफोनवर यान गार्बारेक. झाकिरभाई गेल्या वर्षी १५ डिसेंबरला गेले आणि मी पूर्ण जानेवारी तबल्याला हात लावला नाही, म्हणजे ऐकण्यातही. मग कान बसला तेव्हा हाच अल्बम काढला. स्पीकर जमिनीवर ठेवून त्याच्या शेजारी बसायचो. डग्ग्याचा घुमारा छातीत कळतो, त्याला कान लागत नाहीत. सॅक्सोफोन आणि बासरी एकमेकांना जागा देत असतात तेव्हा झाकिरभाई किती कमी वाजवतात, ते ऐक. सगळ्यात जलद बोटं ज्यांची, त्यांनी सोडून दिलेल्या जागा.

९ गुण 'ब्लॅक मसाया'ला. यंदा १४ ऑक्टोबरला डिअँजेलोही गेला. त्यावर मी काही लिहू शकत नाही अजून. आपण फोनवर बोलू.

८ गुण 'कॉल ऑफ द व्हॅली'ला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, आणि मांडीवर आडवी गिटार घेतलेले ब्रिजभूषण काबरा, १९६७. मेंढपाळाचा एक दिवस, अहिर भैरवने उजाडतो आणि पहाडीपाशी रात्र होते. हा अल्बम मी आजवर 'साधा' समजून बाजूला ठेवत आलो होतो, ती माझी चूक होती. क्रमाने ऐकला तरच तो दिवस घडतो. मधलंच एखादं गाणं उचललं तर नुसता एक प्रहर हाती येतो.

मग प्रत्येकी ५ गुणांचे चार. पियानोवादक कीथ जॅरेटचा 'कोल्न कॉन्सर्ट', २४ जानेवारी १९७५, म्हणजे यंदा पन्नास वर्षं झाली. चुकीचा, लहान आणि नीट न वाजणारा पियानो समोर आला आणि वरच्या पट्ट्या धड नव्हत्या म्हणून तो मधल्या सुरांत रमला, डावा हात घोळवत राहिला. माझ्याकडेही त्या काळात अर्धीच पट्टी होती, म्हणून जवळचा वाटला. ग्लेन गूल्डने पियानोवर वाजवलेले बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स, १९८१ चे, ५१ मिनिटं. त्याच्याच १९५५ च्या ३८ मिनिटांपेक्षा मला हे हवेत, आणि या वादात तू जिंकणार नाहीस. निक ड्रेकचा 'पिंक मून', दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झालेला, एक गिटार, एक गळा आणि एका गाण्यात थोडासा पियानो. आणि माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', ज्याची पहिली बाजू टेपच्या वेगामुळे कित्येक वर्षं किंचित चढ्या सुरात विकली गेली. १९९० च्या दशकात ते दुरुस्त झालं. मला चढी आवडते, पहिलं प्रेम तिच्यावर होतं.

झाले शंभर. बेरीज तपासून बघ.

गाण्यांना गुण नाहीत. त्या कौलातही गाण्यांची यादी बिनक्रमाची, बिनगुणांचीच असायची. आणि खरं सांगू, वर आलेली चार-पाच सोडली तर यंदाचं माझं गाणं एकच: किशोरीताईंचं 'सहेला रे'. भूप, पाच सूर, मध्यम-निषाद नाहीत. कान मोकळा झाला त्या सकाळी पहिलं काय लावायचं यावर मी बराच वेळ बसून राहिलो होतो, आणि हे लावलं. त्यांचा षड्ज लागला, आणि मागचा तानपुरा उजवीकडून ऐकू आला. केव्हापासून तिथे कुणी नव्हतं, आणि आता होतं. बंदिश सुरू व्हायच्या आतच मी तुला फोन लावला होता. तू उचलला नाहीस, प्रवासात होतास. मीही नंतर विषय काढला नाही.

तर आता तुझे शंभर गुण पाठव. ३१ च्या रात्रीपर्यंत वेळ आहे, पण त्याआधी पाठवलेस तरी यादी फाड म्हणणार नाही. ज्याला सगळ्यात जास्त देशील तो अल्बम मी नवीन वर्षाच्या पहिल्या सकाळी ऐकणार, दिवे न लावता, सलग. स्टिरिओत असेल तर आधीच कळव, उजवीकडे काय आहे ते.

तुझाच,
मी