साडी एक, हात सहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीत चर्चच्या मोफत कपडेवाटपाच्या इतिहासावरचा लेख वाचला. विषय घेतलात, आभार. पण गरिबांना मदत करणारी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही कॅथलिक संस्था 'पॅरिसच्या उमरावांनी' काढली हा शोध कुठून लागला? ती काढली कॉलेजच्या पोरांनी. २३ एप्रिल १८३३ ला पहिली बैठक झाली, आणि त्या पोरांतल्या फ्रेडरिक ओझानामला त्याच दिवशी विसावं वर्ष पूर्ण झालं. तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं, असं बरोबरीच्या विद्यार्थ्यांनी टोचून विचारलं, म्हणून ही मुलं कामाला लागली. पॅरिसमधल्या मुफ्तारच्या गरीब वस्तीत त्यांना हाताशी धरून हे काम शिकवलं सिस्टर रोझाली रांदू यांनी. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९७ मध्ये ओझानामला आणि २००३ मध्ये रोझालींना 'धन्यवादित', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं. पोपना बाई सापडल्या, तुमच्या लेखकांना नाही.

असो. डोकं फिरलं ते लेखासोबतच्या फोटोनं. एक आजी, एक साडी आणि त्या साडीला लागलेले सहा हात. आजींची मान खाली, बाकी सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसताहेत. फोटोखाली देणाऱ्यांची नावं हुद्द्यांसकट, आजी मात्र 'एक गरजू महिला'. अहो, या सोसायटीची रीतच मुळी दोघादोघांनी गरजूच्या घरी जायची. त्याला रांगेत उभं करायची नव्हे.

माझ्या लहानपणी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, परदेशातून जुन्या कपड्यांच्या गासड्या यायच्या. कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेसचा तो काळ. १९४३ मध्ये महायुद्धातल्या पीडितांसाठी अमेरिकेत निघालेली ही संस्था पुढे आपल्याकडे दूध पावडरीपासून कपड्यांपर्यंत बरंच काही पाठवू लागली. गासडी सोडली की डांबरगोळ्यांचा भपकारा, आणि आत गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे ओव्हरकोट. वसईत, ऐन मे महिन्यात! आई आणि शेजारच्या बाया त्याचं अस्तर उसवून मुलींचे झगे शिवायच्या. जाड कापड गोधडीच्या पोटात जायचं. बटणं बिस्किटाच्या डब्यात, सुटी कधी फेकली नाहीत. गावातले जुने कपडेही धुऊन, काजं-बटणं नीट करून, इस्त्री फिरवून मगच बाहेर पडायचे. तेही दिवेलागणीनंतर, बाजाराच्या पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून. शेजारणीला वाटावं, भाजीच दिली.

एकदा माझाच जुना सदरा वर्गातल्या एका मुलाच्या अंगावर दिसला. खिशाला आईनं घातलेला निळा टाका होता, लगेच ओळखला. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "शाळेत हे बोललास तर रात्री जेवायला बसू नकोस."

त्या मुलाचा फोटो तेव्हा कुणी पेपरात छापला असता तर? तो दुसऱ्या दिवशी शाळेत आला नसता, एवढं नक्की सांगतो.

आणि 'कपाट रिकामं करा, पुण्य मिळवा' ही तुमची चौकट! तुमच्या वाचकांनी ती आधीपासूनच मनावर घेतलेली दिसते. नाताळाआधी आमच्याकडच्या पेटीत काखेत फाटलेली पोलकी, चेन तुटलेल्या पँटी आणि निवडणुकीतले प्रचाराचे टी-शर्ट येतात. एका भल्या माणसानं एकाच पायाचा मोजा धाडला होता. निवडायला बसणाऱ्या बायांचा निम्मा वेळ यातच जातो. पुढच्या वेळी चौकटीत 'आधी धुवा, मग द्या' एवढं तरी छापा.

जाता जाता एक. लेखाखाली 'पान ७ वर' असं लिहिलंय. पान ७ वर साड्यांच्या सेलची पानभर जाहिरात आहे. उरलेला लेख कुठे वाचायला मिळेल ते कृपया कळवावं. त्यात सिस्टर रोझाली निघाल्या तर तेवढी तक्रार मागे घेईन. फोटोची नाही.

आपला,
एक जुना वाचक, वसई